लेथवरचा माणूस पुढारी कसा होतो, आणि कुठं अडतो

21 नोव्हेंबर 2025 ला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्याच संध्याकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन मेसेज येऊन पडले. एक म्हणे, 'युनियनचा खेळ खलास.' दुसरा म्हणे, 'अखेर कामगाराला न्याय.' दोन्ही एकाच पाहुण्यानं फॉरवर्ड केले होते, हे सांगायलाच पाहिजे.

रात्री मामांचा फोन. "वकिली शिकलाईस न्हवं? मग ह्यातलं खरं कुठलं, तेवढं सांग."

मामा आयटीआयचे टर्नर, म्हणजे लेथच्या यंत्रावर लोखंड कातणारे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात 31 वर्षं लेथवर उभे होते. त्यातली 14 वर्षं युनियनचे सेक्रेटरी, आणि एकदा निवडणुकीला उभे राहून पडलेले. हा विषय माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतो, फक्त कायद्याची भाषा मध्ये येते. त्यांना फोनवर जे सांगितलं आणि त्यांच्याकडून जे शिकलो, ते इथं एकत्र मांडतोय.

## मजुरीची दूध संस्था

कोल्हापूरच्या माणसाला युनियन समजावायची तर दूध संस्थेपासून सुरुवात करावी. एका म्हशीचं चार लिटर दूध घेऊन तुम्ही डेअरीच्या दारात गेलात आणि "दर वाढवा" म्हणालात, तर वॉचमनच परत पाठवेल. तेच दूध गावच्या संस्थेत गोळा झालं, फॅट लागली, वहीत नोंद झाली, की संस्थेच्या चेअरमनला खुर्ची मिळते. युनियन म्हणजे मजुरीची दूध संस्था. एकट्या टर्नरच्या आठ तासांना बाजारात जोर नसतो, अडीचशे जणांच्या आठ तासांना असतो.

पण एकत्र येणं हाच कधीकाळी गुन्हा ठरत होता. 1918 साली मद्रासला बी. पी. वाडियांनी मद्रास लेबर युनियन काढली. बकिंगहॅम मिलच्या मालकांनी त्यांच्यावर कोर्टात दावा लावला. म्हणणं असं, की कामगारांना चिथावून तुम्ही आमचा धंदा बुडवताय. हायकोर्टाचा आदेश युनियनच्या विरोधात गेला. संप केला म्हणून पुढाऱ्याचं घरदार नुकसानभरपाईत जाणार असेल, तर पुढं येणार कोण? त्यावर बोंब झाली, आणि 1926 चा ट्रेड युनियन कायदा आला. नोंदलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर, कायदेशीर संपासाठी एकत्र आले एवढ्यावरून कटाचा खटला घालता येणार नाही, हे संरक्षण त्यानं दिलं. नोंदणीच्या अर्जावर किमान सात सह्या लागायच्या. 2001 च्या दुरुस्तीनं त्यावर आणखी एक अट बसवली: कारखान्यातले दहा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी, तेवढे सभासद हवेत.

## पासिंग झालं म्हणजे स्टँडवर नंबर लागला असं नाही

इथं सगळ्यात जास्त लोक गोंधळतात. 'नोंदणी' आणि 'मान्यता' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नवी रिक्षा घेतली, आरटीओत पासिंग झालं, नंबरप्लेट लागली. आता ती रस्त्यावर चालवायला कुणी अडवत नाही. पण दाभोळकर कॉर्नरच्या स्टँडवर जाऊन लाइनीत उभी करा बघू! तिथं नंबर मिळवावा लागतो. नोंदणी म्हणजे पासिंग. मान्यता म्हणजे स्टँडवरचा नंबर, अर्थात मालकानं टेबलाच्या पलीकडं बसवून तुमच्याशी पगाराचा करार करणं. 1926 च्या कायद्यात पासिंग होतं, स्टँड नव्हता. मान्यता सक्तीची करणारी दुरुस्ती 1947 साली मंजूर झाली, पण ती कधी अमलातच आली नाही.

महाराष्ट्रानं 1971 साली स्वतःचा कायदा केला. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, ज्या युनियनकडं सलग सहा महिने 30 टक्के सभासद असतील, तिला कोर्टाकडून मान्यता मिळवता येत होती. नव्या चार संहितांपैकी औद्योगिक संबंध संहितेत हा आकडा 51 टक्के आहे. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर 51 टक्केवाली एकटी बोलणी करणार. तेवढे कुणाकडंच नसतील तर एक समिती, आणि तिच्यात 20 टक्के सभासदांमागं एक प्रतिनिधी.

म्हणजे युनियन संपलेली नाही. स्टँडवरचा नंबर महाग झालाय. संपही संपलेला नाही, पण आता कुठल्याही कारखान्यात चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि तडजोडीची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. "म्हंजे सगळ्यांनी एकदम आजारी पडायची आयडिया गेली," मामा म्हणाले. ती त्यांनी दोनदा वापरली होती.

## पावतीबुक

आता मुळातला प्रश्न: लेथच्या पकडीत लोखंडाचा तुकडा बांधणारा माणूस पुढारी होतो कसा? सिनेमात तो टेबलावर चढून भाषण करतो. मामांचं पहिलं काम होतं पावत्या फाडायचं.

पगाराच्या दिवशी सुटीच्या भोंग्याला ते सायकल स्टँडपाशी उभे राहायचे. एका हातात पावतीबुक, कार्बनचा कागद मध्ये सरकवलेला, बॉलपेन कानावर. हाताला कटिंग ऑइलचा वास, त्यामुळं प्रत्येक पावतीवर अंगठ्याचा तेलकट ठसा. दोन रुपये वर्गणी. "फुडच्या म्हैन्यात देतो" म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, पण त्याचं नाव मागच्या पानावर लिहून ठेवायचं. महिन्याअखेरीला पावत्यांची बेरीज आणि डब्यातली नाणी जुळली पाहिजेत. एकदा चार रुपये कमी आले, तर मामींनी भाजीचे पैसे दिले आणि वर चार दिवस बोलल्या.

यात पुढारीपण काय, असं वाटेल. सगळं यातच आहे. कोण घाबरतो, कुणाच्या घरी आजारपण आहे, मुकादमाचा मेव्हणा कोण, फौंड्रीतल्या मोल्डरांचं मशिन शॉपवाल्यांशी का जमत नाही, हे सगळं त्या रांगेत कळतं. मग हिशेब लिहायचा, मिनिट्स लिहायची, मागणीपत्र तयार करायचं. टर्नरला हे जमतं असा माझा तर्क आहे. मायक्रोमीटर हातात धरून ज्यानं आयुष्य काढलं, त्याला 'साधारण' हा शब्द सहन होत नाही. बॅलन्सशीटमध्ये 'इतर खर्च' दिसला की मामा तिथंच बोट ठेवायचे.

पण बोट ठेवणाऱ्यावर बोट रोखलं जातं. म्हणून कायद्यात 'संरक्षित कामगार' अशी तरतूद आहे: युनियनचे काही पदाधिकारी, एकूण कामगारांच्या एक टक्का, पण किमान पाच आणि जास्तीत जास्त शंभर. वाद चालू असताना संबंधित अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्यांना काढता येत नाही.

काढता येत नाही, पण चढवता येतं! मामांना एकदा व्यवस्थापनानं सुपरवायझर करायचं ठरवलं. पगार वाढणार, पांढरा शर्ट मिळणार. मामींनी पेढे आणायचं ठरवलंसुद्धा. पण सुपरवायझरचा पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेला की तो कायद्याच्या भाषेत 'कामगार' उरत नाही. नव्या संहितेत ही मर्यादा 18,000 रुपये आहे. कामगार नाही, म्हणजे त्या कायद्याचं छत्रही नाही. मामांनी पेढे थांबवले. मामी अजून ते विसरलेल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. त्या पगारात माझ्या मामेबहिणीचं शिक्षण वेगळं झालं असतं.

## पगाराचं बोला की, राजकारण कशाला?

हा आक्षेप कामगारच घेतात. उत्तर एका साखळीत आहे.

पगारवाढ गेटवर मिळते. पण किमान वेतन राज्य सरकार ठरवतं. बोनसचा किमान 8.33 टक्के हा आकडा संसदेच्या कायद्यात आहे. कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी कुणी घ्यायची? आधी शंभर कामगारांपासून पुढं, आता तीनशेपासून. हा आकडा कुठल्या मालकानं बदलला नाही, तो दिल्लीत बदलला. दोनशे माणसांच्या कारखान्यातली युनियन कितीही भक्कम असू दे, त्या दिवशी तिच्या हातातलं एक हत्यार गळालं, आणि गेटवर घोषणा देऊन ते परत येत नाही. म्हणजे युनियनचा माणूस राजकारणात जातो तो हौसेनंच जातो असं नाही. त्याचं भांडण सरकत सरकत तिथं जाऊन थांबलेलं असतं.

आपल्या बाजूचंच उदाहरण बघा. अण्णासाहेब पाटील शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले. मुंबईत त्यांनी पाठीवर पोती वाहिली. हमाल आज या व्यापाऱ्याकडं, उद्या त्या. मग करार कुणाशी करायचा? मालकच ठरलेला नाही, तर गेटवरचा लढा लढायला गेटच नाही. म्हणून त्यांच्या संघटनेला कायदाच लागला, आणि 1969 चा माथाडी कायदा आला. मंडळाकडं हमालांची नोंद, मंडळाकडंच व्यापाऱ्यानं मजुरी भरायची, त्यातूनच फंड आणि रजा. पुढं अण्णासाहेब विधान परिषदेवर गेले. डोक्यावर ओझं घेणाऱ्याला आमदारकी लागली, कारण त्याचा मालक कागदावरच जन्माला घालावा लागणार होता.

इंग्लंडात हीच गोष्ट आधी घडली. 1901 साली टॅफ व्हेल रेल्वे कंपनीच्या खटल्यात, संपाचं नुकसान युनियननं भरावं असा निकाल लागला. तेव्हा युनियनवाल्यांना कळलं की आपली माणसं पार्लमेंटात पाहिजेत. मजूर पक्षाला बळ आलं ते त्यातून. पण 1911 पर्यंत तिथल्या खासदाराला पगारच नव्हता! जमीनदाराला चालतं, खाणीतला माणूस खाणार काय? युनियनच त्याला पोसायची. एका रेल्वे पोर्टरनं त्यालाही हरकत घेतली, की माझी वर्गणी पक्षाला का, आणि 1909 साली तो जिंकला. शेवटी 1913 च्या कायद्यानं तोड काढली: राजकीय निधी वेगळा ठेवा, आणि ज्याला द्यायचा नाही त्याच्यावर सक्ती नको.

आपल्या 1926 च्या कायद्याचं कलम 16 हेच सांगत होतं. निवडणुकीचा खर्च, राजकीय सभा, निवडून आलेल्या प्रतिनिधीचा खर्च, हे सगळं वेगळ्या राजकीय निधीतून. तो न देणाऱ्या सभासदाचे बाकीचे हक्क जात नव्हते. "असं कलम हाय?" मामांनी विचारलं. चौदा वर्षं सेक्रेटरी असून त्यांच्या युनियननं तो निधी कधी उघडलाच नव्हता. निवडणूक त्यांनी मामींच्या पाटल्यांवर लढवली.

## आपल्याकडं लुला का नाही?

ब्राझीलचे लुला लेथ चालवायचे. मामांच्याच ट्रेडचे. कारखान्यातल्या अपघातात डाव्या हाताची करंगळी गेली. 1975 साली धातू कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष, 1980 साली स्वतःचा पक्ष, मग देशाच्या अध्यक्षपदाच्या तीन निवडणुका हरले आणि 2002 साली जिंकले. पोलंडचे लेक वाउएन्सा गोदीतले इलेक्ट्रिशियन. 1980 चा संप, 1990 साली राष्ट्राध्यक्ष.

आपल्याकडची मोठी नावं घ्या. डॉ. दत्ता सामंत डॉक्टर होते. व्ही. व्ही. गिरी रेल्वे कामगारांचे पुढारी, नंतर राष्ट्रपती, पण शिक्षण आयर्लंडमध्ये, कायद्याचं. कोल्हापुरात गोविंद पानसरे. त्यांनी पेपर टाकले, शिपाई म्हणून राबले, हे खरं, पण कामगारांच्या बाजूनं ते उभे राहिले ते वकिलाच्या कोटात.

बाहेरचा पुढारी का लागतो? एक तर त्याला मालक काढू शकत नाही. दुसरं म्हणजे कागद. आपल्याकडं कामगाराचं भांडण फार लवकर कोर्टात शिरतं आणि कोर्टाची भाषा लेथवर शिकवत नाहीत. 1982 च्या गिरणी संपाचंच बघा. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणं बोलणी करायचा अधिकार फक्त 'प्रातिनिधिक' युनियनला होता. लाखो कामगार सामंतांच्या मागं, आणि कायद्यानं खुर्ची दुसऱ्याच युनियनची. आपल्या साखर कारखान्यांनाही हाच कायदा लागू होता.

बाहेरच्यांची संख्या मात्र कायद्यानं बांधलेली आहे: संघटित कारखान्यात पदाधिकाऱ्यांपैकी एक तृतीयांश किंवा पाच, यातली कमी ती. म्हणजे आतली माणसं असतातच. ती सेक्रेटरी, खजिनदार, जॉइंट सेक्रेटरी होतात. फोटोत कडेला उभी असतात.

## गेट शिरोलीत, मत गावात

माझ्या मते कोल्हापुरातली खरी अडचण इथं आहे आणि ती कुठल्याच संहितेत लिहिलेली नाही.

मामांच्या कारखान्यात 240 कामगार. मामा पंचायत समितीला उभे राहिले तेव्हा त्या गणात राहणारे त्यातले किती? 19. बाकीचे कुणी कागलकडचे, कुणी पन्हाळ्याच्या बाजूचे, कुणी शहरातल्या पेठेतले. सकाळी मोटारसायकली शिरोलीला येतात, संध्याकाळी पांगतात. गेटवरची एकी पाळी सुटली की वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी जाते.

आणि घरी गेल्यावर तो टर्नर उरत नाही. तो अमक्या संस्थेला दूध घालणारा, तमक्या कारखान्याला ऊस घालणारा, सेवा सोसायटीचा थकबाकीदार, भावकीतला धाकटा, तालमीचा कार्यकर्ता होतो. त्याच्या उसाला तोड कधी मिळणार हे युनियन ठरवत नाही. त्या 19 मधला एकजण मामांच्या कमिटीत होता. प्रचाराला समोरच्या गाडीत दिसला. मामांनी चहाच्या टपरीवर गाठून विचारलं, तर म्हणाला, "गेटवर तुमचाच हाय की ओ. गावात आमचा सोसायटीचा विषय हाय." मामांना राग आला नाही. "त्येनं खोटं सांगितलं न्हाई," एवढंच ते म्हणतात.

लुला ज्या साओ बर्नार्डोमध्ये पुढारी झाले, तिथं मोटार कारखान्यांतले हजारो कामगार आसपासच्या वस्त्यांत राहत होते. गेट आणि गल्ली जवळजवळ एकच होती. मुंबईत गिरणगावात तसं होतं. 1906 साली शाहू महाराजांनी मिल उभारली तेव्हापासून थोडंफार कोल्हापुरातही होतं, भोंगा झाला की गल्लीच हलायची. एमआयडीसी गावाबाहेर गेली आणि ते सुटलं.

उलट आज गावागावांत बांधकाम कामगारांच्या संघटना दिसतात. गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी. त्यांची नोंद कल्याणकारी मंडळाकडं होते, त्यासाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि मंडळाचा पैसा बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकरातून येतो. या संघटनेची बैठक गावच्या चावडीपाशी भरते, कारण तिला गेटच नाही. सभासद आणि मतदार एकच. पुढची कामगार-पुढारी मंडळी टर्नरांपेक्षा गवंड्यांतून निघतील, असा माझा अंदाज आहे. चुकला तर मामा आहेतच ऐकवायला.

## "युनियनमुळंच कारखाने बंद पडतात"

काही पडलेही असतील. आडमुठे पुढारी मीही पाहिलेत, आणि एका हातानं घोषणा देत दुसऱ्या हातानं पाकीट घेणारेही. पण उद्यमनगरात ज्या छोट्या वर्कशॉपांची शटरं मंदीत खाली आली, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी युनियन नावालाही नव्हती. इथले उद्योजक वर्षानुवर्षं तक्रार करतात ती विजेच्या दराची, आणि 'कर्नाटकात जातो' म्हणतात तेही त्याच कारणानं. पाकीट घेणाऱ्या पुढाऱ्यावर उपाय मात्र सभासदांच्याच हातात आहे: वार्षिक सभेला जायचं आणि हिशेब मागायचा. नोंदलेल्या युनियनला दरवर्षी तपासलेला हिशेब निबंधकाकडं पाठवावा लागतो. तो बघायला किती जण जातात? मामांच्या सभेला कोरम व्हायचा तो भजी आहेत म्हटल्यावर.

## एकतीस

हे सगळं सांगून झाल्यावर मामांनी एकच प्रश्न विचारला. "एक्कावन टक्के, पर कशाचं?"

मी म्हटलं, हजेरीपटावरच्या कामगारांचं.

"म्हंजे कंत्राटी धरून का सोडून?"

कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात, म्हणून सोडून.

पलीकडं थोडा वेळ आवाज नाही. मग बोटं मोजल्यासारखं पुटपुटणं. त्यांच्या जुन्या कारखान्यात आता सकाळी 180 जण आत जातात. कायम हजेरीपटावर त्यातले 60.

"साठाचं एक्कावन टक्के म्हंजे तीस पूर्णांक सहा. एकतीस पावत्या," मामा म्हणाले. "एकतीस मी एका पगाराला फाडत हुतो. मान्यता आरामात मिळंल."

"मग चांगलंच आहे की, मामा."

"अरं, पर मशिनी चालवत्यात त्ये बाकीचं एकशेवीस. करार झाला तरी त्येंच्या पगाराला हात न्हाई, आणि आमी एकतीस जन भाईर बसलो तरी एक मशिन बंद पडायची न्हाई." थोडं थांबून ते म्हणाले, "ठेकेदाराची हजेरी कुठं घेत्यात, गेटच्या आत का भाईर, त्ये उद्या बघून येतो."